दप्तरातील कविता

दप्तर हा शब्द कानी पडताच तुम्हांला पाठीवरील पुस्तकांचे ओझे आठवेल. परंतु या शब्दाचा जुना अर्थ निराळा आहे. कचेरीतील कागदपत्रे रुमालांत बांधून, क्रमाने लावून ठेवीत. ती सारी जमा झालेली कागदपत्रे म्हणजे दप्तर. पुण्याचे पेशवे दप्तर याच अर्थाने दप्तर आहे आणि गावच्या तलाठ्याचे दप्तरही याच अर्थाने. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी सातबाराचा उतारा पाहिलाच असेल. गट क्रमांक, क्षेत्र, खातेदाराचे नाव, पीक, अशा प्रत्येक गोष्टीला तेथे ठरावीक रकाना असतो. त्या रकान्यांत कोणी वावगे अक्षर लिहीत नाही. लिहिल्यास वादाला तोंड फुटते आणि प्रकरण कचेरीच्या पायरीपर्यंत जाते.

आता अशी कल्पना करा की, या दप्तरात एक नवा नमुना छापला गेला आहे. त्याचे नाव ‘ओवी’. त्यातही रकाने आहेत, शिस्त आहे, राखणदाराचे नाव आहे. परंतु लिहावयाची आहे ती जमीन नव्हे, पीक नव्हे, तर कविता! गावातील कोणीही यावे, आपली ओवी नोंदवावी, आणि दुसऱ्याने मागितल्यास तलाठ्याने सातबाऱ्याच्या उताऱ्याइतक्याच गंभीर मुद्रेने तिचाही उतारा काढून द्यावा. ही कल्पना तुम्हांला हास्यास्पद वाटेल. पण युरोपातील एका फार मोठ्या दप्तरात असा नमुना खरोखरच होता, आणि त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

हे दप्तर जमिनीचे नाही; ते इंटरनेटवरील पत्त्यांचे आहे. पोस्टमनला पत्र पोहोचविण्यास पत्ता लागतो, तसाच संगणकांच्या जाळ्यात निरोप पोहोचण्यासही पत्ता लागतो. हा पत्ता अंकांचा असतो. एकच पत्ता दोघांना दिला गेला, तर निरोप कोणाकडे जाईल याचा भरवसा उरणार नाही. म्हणून पत्त्यांचा कोणता गट कोणत्या संस्थेला दिला आहे, याची नोंद कोणीतरी नीट ठेवावी लागते. जगात अशी पाच मोठी कार्यालये आहेत. आपल्या देशाचा समावेश आशिया-प्रशांत विभागात होतो आणि त्या विभागाचे कार्यालय ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. युरोप, मध्यपूर्व आणि मध्य आशियाचा काही भाग यांचे कार्यालय नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टरडॅम या शहरी आहे.

या अ‍ॅमस्टरडॅमच्या कार्यालयाची मुळे १९८९ सालात सापडतात. त्या वर्षी युरोपातील निरनिराळ्या संशोधनसंस्थांचे काही तंत्रज्ञ एकत्र आले. आपापल्या देशांतील संगणकांची जाळी एकमेकांना कशी जोडावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. रॉब ब्लॉकझाइल नावाचे एक डच भौतिकशास्त्रज्ञ त्यांचे अध्यक्ष झाले आणि पुढे पंचवीस वर्षे, म्हणजे २०१४ पर्यंत, ते त्या पदावर राहिले. मंडळाला फ्रेंच भाषेत लांबलचक नाव मिळाले. त्याची आद्याक्षरे जुळवून ‘राइप’ हा शब्द झाला. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘पिकलेले’ असा होतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच या गंभीर कारभाराला थट्टेचा किंचित गोडवा होता, असे म्हणावयास हरकत नाही. १९९२ साली मंडळाचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले आणि पत्त्यांचे दप्तर त्याच्या हाती आले.

या दप्तरात पाहण्याची रीत फार साधी आहे. तिला ‘हूइज’, म्हणजे ‘कोण आहे?’ असेच नाव आहे. ही रीत १९८२ साली अमेरिकेत लिहून निश्चित करण्यात आली. संगणकाने एका ओळीत प्रश्न पाठवावा आणि दप्तराने साध्या मजकुरात उत्तर द्यावे, एवढाच तो व्यवहार. चित्र नाही, रंग नाही, सजावट नाही. उत्तरातील प्रत्येक ओळीच्या आरंभी रकान्याचे नाव, मग अपूर्णविराम, आणि त्यापुढे माहिती. पत्त्यांच्या गटासाठी एक नमुना, संस्थेसाठी दुसरा, व्यक्तीसाठी तिसरा, निरोपांच्या मार्गासाठी चौथा, असे या नोंदींचे अनेक नमुने आहेत. याच मालिकेत ‘पोएम’ म्हणजे ‘कविता’ या नावाचाही एक नमुना होता.

हा नमुना बारकाईने पाहण्यासारखा आहे. पहिल्या रकान्यात कवितेचे नाव लिहावयाचे, आणि ते ‘पोएम’ या अक्षरांनीच सुरू व्हावयास हवे. त्यानंतर, हवे असल्यास, वर्णन. मग ‘फॉर्म’ म्हणजे रचनाप्रकार. हा रकाना रिकामा सोडता येत नसे. त्यापुढे प्रत्यक्ष मजकूर. कवितेच्या प्रत्येक ओळीच्या आधी ‘टेक्स्ट’ हा शब्द आणि अपूर्णविराम लिहावा लागे. आता एक अडचण पाहा. या दप्तरात कोरी ओळ आली की नोंद संपली, असा नियम आहे. परंतु कवितेला तर दोन कडव्यांमध्ये मोकळी जागा लागते! मग काय करावयाचे? तेथेही ‘टेक्स्ट’ हे नाव लिहावयाचे आणि त्यापुढे काहीच लिहावयाचे नाही. दोन कडव्यांमधील क्षणभराची स्तब्धता, तीसुद्धा रकान्याच्या नावानिशी नोंदवावी लागे. दप्तराची शिस्त आणि कवितेचा श्वास यांची अशी समोरासमोर गाठ दुसरीकडे क्वचितच पडत असेल.

कवीच्या नावाचाही एक रकाना होता. तो मात्र ऐच्छिक. कवीने आपले नाव दिले नाही तरी कविता स्वीकारली जाई. उलट, राखणदाराच्या नावावाचून कोणतीही कविता आत येऊ शकत नसे. आपल्याकडील जात्यावरच्या ओव्या तरी कोणी रचल्या? पिढ्यान्‌पिढ्या दळणाऱ्या बायांनी त्या राखल्या, एवढेच आपण जाणतो. फरक इतकाच की, त्या बायांनी ओव्या कंठात राखल्या आणि येथे त्या यंत्राच्या स्मरणात राहिल्या.

आरंभी या दप्तरात एकाच प्रकारच्या पद्यासाठी जागा होती. तो प्रकार म्हणजे लिमरिक. लिमरिक ही पाच ओळींची इंग्रजी विनोदी रचना. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ एका यमकात, तर मधल्या दोन आखूड ओळी दुसऱ्या यमकात. शेवटच्या ओळीला वाचक हसलाच पाहिजे. पुढे हा जुना नमुना काढून त्याच्या जागी अधिक व्यापक असा ‘पोएम’ आणला गेला आणि त्याच्या जोडीला रचनाप्रकारांचा दुसरा नमुना आला. त्यामुळे लिमरिकबरोबर सुनीत आणि हायकू यांनाही प्रवेश मिळाला. हायकू म्हणजे तीन ओळींची जपानी कविता. शिरीष पै यांनी ती मराठीत रुजविली, हे तुम्ही पुढील इयत्तांत वाचालच.

येथे एक मौज आहे. कविता कोणीही नोंदवावी. परंतु नवा रचनाप्रकार नोंदविण्याचा अधिकार केवळ दप्तराच्या व्यवस्थापकांना! म्हणजे समजा, तुम्ही नवीन छंद शोधून काढला, तर आधी कारकुनाची संमती हवी. भुजंगप्रयाताचे किंवा वसंततिलकेचे गण पाठ करताना ज्यांना वृत्तांचा राग आला असेल, त्यांना हे वाचून थोडे समाधान वाटेल.

ही माणसे असे का वागली? पत्त्यांच्या कामाला कवितेचा काडीइतकाही उपयोग नव्हता. कविता नसती तर एकही निरोप अडला नसता, आणि असल्याने एकही लवकर पोहोचला नाही.

तंत्रज्ञ आणि कविता यांचे नाते या दप्तरापुरतेच नाही. इंटरनेटचे नियम ज्या टिपणांत लिहिले जातात, त्यांची एक मालिका १९६९ सालापासून चालू आहे. त्या मालिकेतील ९६८ क्रमांकाचे टिपण डिसेंबर १९८५ मधील आहे, आणि ते चक्क पद्यात आहे. ते लिहिणारे विंट सर्फ हे इंटरनेटच्या जनकांपैकी एक मानले जातात. त्याच मालिकेतील ११२१ क्रमांकाच्या टिपणात, सप्टेंबर १९८९ मध्ये, चार जणांच्या कविता एकत्र छापल्या गेल्या. ‘अर्पानेट’ या आद्य जाळ्याला वीस वर्षे झाली म्हणून लॉस एंजलिस येथे परिसंवाद भरला होता आणि तेथे या विद्वानांनी आपापली पद्ये वाचली होती. रेडिया पर्लमन या विदुषीचे उदाहरण तर फारच सुंदर आहे. जाळ्यातील निरोप एकाच ठिकाणी गोल गोल फिरत राहू नयेत, म्हणून जाळ्यातून एक वृक्षाकार मार्ग निवडण्याची युक्ती त्यांनी शोधून काढली. त्यावरील १९८५ च्या निबंधाच्या आरंभी त्यांनी एक छोटी कविता दिली. वृक्षावरील एका प्रसिद्ध इंग्रजी कवितेच्या चालीवर ती रचलेली आहे आणि तिच्यात साऱ्या युक्तीचे सार आले आहे. पुढे २०११ साली ती युक्ती सुधारणारे नवे टिपण निघाले, तेव्हा त्यातही एक कविता होती. ती पर्लमन यांच्या मुलाने रचली होती.

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ पद्यातच रचला. खरे आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि त्याचा लेख तेराव्या शतकाच्या आरंभी दगडावर कोरविला. त्याचाही मोठा भाग पद्यात आहे. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. जुन्या काळी शास्त्र पद्यात लिहीत, कारण पद्य पाठ होते. छंद हे स्मरणाचे साधन होते. पर्लमन यांची कविताही शिकविण्याचे काम करते. अ‍ॅमस्टरडॅमच्या दप्तरातील कविता मात्र कोणतेच काम करीत नव्हती. ती तेथे केवळ असे. म्हणूनच मला ती अधिक आवडते.

या खोलीची किल्ली कोणापाशी होती, तेही पाहू. दप्तरातील इतर प्रत्येक नोंदीला राखणदार असतो. त्याच्याजवळ परवलीचा गुप्त शब्द किंवा तशीच काही खूण असते. ती दाखविल्यावाचून नोंद बदलता येत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाची जन्मतारीख बदलावयाची म्हटल्यास मुख्याध्यापक किती काटेकोर होतात, ते तुम्हांला ठाऊक असेल. त्या पदावर बसलेल्याला तसे व्हावेच लागते. आपणही त्याला दोष देऊ नये. कवितांचा राखणदार मात्र सगळ्यांचा मिळून एकच होता. जुन्या लिमरिकची आठवण म्हणून त्याच्या नावात ‘लिम’ ही अक्षरे होती. आणि त्याचा परवलीचा शब्द गुप्त नव्हता! तो जाहीर होता. नियमच असा होता की, कविता याच राखणदाराच्या हाती सोपविली पाहिजे. दुसरा राखणदार चालणार नाही.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. ज्याला कविता लिहावयाची, त्याला दार उघडे होते. परंतु ज्याला दुसऱ्याची कविता बिघडवावयाची किंवा पुसून टाकावयाची, त्यालाही तेच दार उघडे होते. कवीला फार तर एवढेच करता येई की, नोंदीत बदल झाल्यास आपल्याला कळवावे, म्हणून आपला पत्ता देऊन ठेवावा. बदल झाल्यावर त्याला कळे; त्याआधी तो काही थांबवू शकत नसे. कवितांचे रक्षण कुलपाने होत नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याच्या सभ्यतेने होत होते.

इंटरनेटच्या आरंभी सारेच काही असे चाले. काम करणारे थोडे होते, बहुतेक एकमेकांना ओळखत होते आणि एकमेकांच्या शब्दावर विसंबत होते. पुढे पसारा वाढला. एका दिवसाची गोष्ट सांगतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने तेथील सरकारच्या हुकुमानुसार यूट्यूब आपल्या देशापुरते बंद करण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी तिने आपल्या जाळ्यात ‘यूट्यूबचे पत्ते माझ्याकडे आहेत’ अशी सूचना फिरविली. ती सूचना चुकून देशाबाहेर गेली, बाहेरच्यांनी ती खरी मानली, आणि जगभरातून यूट्यूबकडे निघालेले निरोप दोन तासांहून अधिक काळ भलत्याच दिशेला गेले. पत्ता कोणाचा आणि मार्ग कोणता, याच्या खऱ्या नोंदीचे मोल किती आहे, ते यावरून कळते.

शिवाय पत्ते मोजकेच होते. जुन्या पद्धतीचे सारे पत्ते मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. एके काळी ही संख्या अफाट वाटली असेल. पण २५ नोव्हेंबर २०१९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या कार्यालयाजवळचा साठा संपला. नव्या, अधिक लांबीच्या पत्त्यांची पद्धत तयार होती, तरी जुन्या पत्त्यांची मागणी कमी झाली नाही. ते पैसे देऊन विकत घेतले जाऊ लागले. ज्या वस्तूला किंमत येते, तिच्याभोवती लबाडीही येते.

आणि या दप्तरात जाहीर परवलीच्या शब्दाचे दुसरेही एक दार होते. ते कवितेचे नव्हते. निरोपांच्या मार्गांच्या नोंदींचे होते. ज्यांचे पत्ते दुसऱ्या खंडाच्या कार्यालयातून आले आहेत, त्यांनाही येथे मार्ग नोंदविता यावेत, या सद्‌हेतूने ते ठेवले होते. काही लबाड लोकांनी त्याचा लाभ घेऊन इतरांच्या पत्त्यांसाठी खोटे मार्ग नोंदविले. पुष्कळ वर्षे चर्चा झाली आणि अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये अशा नव्या नोंदी बंद करण्यात आल्या. ते योग्यच झाले. ज्या नोंदीवर लोकांचे व्यवहार अवलंबून आहेत, तेथे कुलूप नसणे हा उदारपणा नव्हे.

कवितांच्या खोलीला मात्र तेव्हा कोणी हात लावला नाही. दोन्ही दारांना किल्ली एकाच जातीची, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली. तरी एकातून चोर शिरले आणि दुसरे शाबूत राहिले. कारण उघड आहे. कवितेच्या खोलीत चोरण्यासारखे काय होते? जी वस्तू कोणी विकत घेत नाही, तिला चोराचे भय नाही. परंतु एवढेच कारण पुरेसे नाही, असे मला वाटते. द्वाड माणूस लाभ नसतानाही भिंतीवर रेघोट्या ओढतो. तुमच्या वर्गातील बाके पाहिल्यास याची खात्री पटेल. तरीही त्या खोलीत कविता टिकून राहिल्या. तेथे जाणाऱ्यांनी त्या टिकू दिल्या.

मराठी कविता तेथे नोंदविता आली असती काय, असे कोणी विचारील. देवनागरीत नाही. हे दप्तर वर्षानुवर्षे पश्चिम युरोपातील लॅटिन अक्षरांपुरतेच मर्यादित होते. त्याबाहेरचे अक्षर दिल्यास त्याच्या जागी प्रश्नचिन्ह उमटे. तुकोबांचा अभंग देवनागरीत लिहून पाठविला असता, तर ओळीमागून ओळ नुसती प्रश्नचिन्हे उभी राहिली असती. रशियन, ग्रीक आणि अरबी लोकांचीही हीच गत. आणि त्यांचे देश तर याच कार्यालयाच्या क्षेत्रात येतात. तेव्हा खोलीचे दार सर्वांना उघडे होते हे खरे, पण उंबरठ्यावर लिपी बदलून आत यावे लागे, हेही तितकेच खरे.

अशा एखाद्या कवितेचा उतारा मागविल्यास तो कसा येई, ते सांगून थांबतो. आरंभी दप्तराच्या नेहमीच्या सूचना: ही माहिती अमुक दप्तरातील आहे, तिच्या वापराचे नियम अमुक आहेत. मग कवितेचे नाव. मग रचनाप्रकार. मग एकाखाली एक ओळी, प्रत्येकीच्या आधी ‘टेक्स्ट’. कडवे संपले की नुसतेच ‘टेक्स्ट’, आणि त्यापुढे काही नाही. त्याखाली राखणदाराचे नाव, नोंद कधी झाली तो दिनांक, आणि अखेरचा बदल कधी झाला तो दिनांक. वाचणाऱ्याने ते दोन दिनांक ताडून पाहावेत. ते एकच असले, तर कवितेला मधल्या काळात कोणी धक्का लावलेला नाही.

स्वाध्याय

१. ‘दप्तर’ या शब्दाचे या पाठात आलेले दोन अर्थ सांगा आणि प्रत्येक अर्थाने त्या शब्दाचा वाक्यात उपयोग करा.

२. दोन कडव्यांमधील मोकळी जागा या दप्तरात कशी नोंदवावी लागे? तसे का करावे लागे?

३. मार्गांच्या नोंदींचे दार बंद झाले, ते लेखकाला योग्य वाटते. कवितांचे दार उघडे राहिले, याचा त्याला आनंद वाटतो. या दोन मतांत विरोध आहे काय? आपले उत्तर कारणांसह लिहा.

४. तुमच्या शाळेच्या हजेरीपटात कवितेसाठी एक रकाना ठेवला आहे, अशी कल्पना करा. त्याची किल्ली कोणाजवळ असावी, यावर वर्गात चर्चा करा.